जिन्याखालचा निरोप

संपादकांचा फोन आला तेव्हा श्रावण संपत आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'निरोप', एवढंच त्यांनी सांगितलं. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. कुणाला काही कळवायचं असतं तो निरोप, आणि निघालेल्या माणसाला दारापर्यंत जाऊन देतो तोही निरोप. मी काय लिहावं याचा विचार करत असतानाच गिरगावातल्या मावशीकडे जाणं झालं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "मीटर बघायला तो मुलगा यायचा ना, तो हल्ली येत नाही. नवं मीटर बसवलंय. मग आकडा त्यांना कळतो कुठून रे? मीटर बोलतं का त्यांच्याशी?"

मावशी पंचाहत्तरीची आहे आणि तिच्या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर चालत नाही. मीटर बोलतं, हे मला माहीत होतं. कोणत्या भाषेत, कुणामार्फत, आणि त्याचा आवाज पोचला नाही तर काय होतं, हे सांगता येईना. पुढचे तीन आठवडे मी गिरगाव, दादर, परळ आणि लालबागमधल्या जिन्यांखाली आणि मीटर खोल्यांत वाकून वाकून बघत फिरलो.

मिनिटाला त्रेपन्न

मावशीच्या चाळीत जिन्याखाली एक कोनाडा आहे. तिथे लाकडी फळ्यांवर सव्वीस मीटरं, खाली कटआउट, वर कोळीष्टकं आणि दिवसाउजेडीही जळणारा एक बल्ब. चाळीचे वायरमन काका चाळीस वर्षं ही फळी सांभाळताहेत. कुठली वायर कुणाच्या खोलीत जाते हे त्यांना चिठ्ठी न बघता सांगता येतं. "पूर्वी तबकडी असायची," ते म्हणाले. "फिरताना दिसायची. कुणाकडे पाहुणे आलेत ते इथे खाली कळायचं."

ती तबकडी ॲल्युमिनियमची. विजेच्या दोन गुंडाळ्यांमधल्या चुंबकीय ओढीने ती फिरायची आणि दातेरी चाकांमार्फत आकडे पुढे सरकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात बसवलेली ही युक्ती शंभर वर्षं टिकली. नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आलं. त्यात फिरणारं काही नाही, फक्त पडदा आणि लुकलुकणारा लाल ठिपका. आणि आता हे स्मार्ट मीटर. बाहेरून दोघांत फरक करणं अवघड जातं. आत मात्र स्मार्ट मीटरला दोन अवयव जास्त आहेत: एक रेडिओ, आणि दुरून वीज बंद-चालू करता येईल अशी एक कळ. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात आहे आणि लोकांच्या मनातली धास्ती दुसऱ्यात.

मोजमाप कसं होतं ते काकांनी प्रत्यक्षच दाखवलं. मीटरच्या पाटीवर '३२०० इम्पल्स प्रति केडब्ल्यूएच' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणजे लाल ठिपका ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. (हा आकडा मीटरगणिक बदलतो, म्हणून आधी पाटी वाचायची.) मावशीच्या खोलीतला फ्रिज, पंखा, दिवे, सगळं बंद केलं. एक हजार वॅटची थंड इस्त्री लावली आणि मी घड्याळ धरून खाली उभा राहिलो. हजार वॅट तासभर चालले तर एक युनिट, म्हणजे मिनिटाला त्रेपन्नच्या आसपास लुकलुक व्हायला हवी. मी बावन्न मोजली. वरून मावशीने विचारलं, "बरोबर आहे का?" काका म्हणाले, "बरोबर आहे. इस्त्री बंद करा आता, साडी जळेल."

मग मी खिशातला फोन काढला. फाटकाशी चार काड्या होत्या. कोनाड्यात वाकलो तर एक, तीही येत-जात होती. मीटर मोजतं बरोबर, पण ज्या जागी बसून त्याला निरोप धाडायचा आहे ती जागा ही अशी आहे.

मध्यरात्रीची वही

मोजणं आणि कळवणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि स्मार्ट मीटरवरच्या बहुतेक भांडणांत ती एकमेकांत मिसळली जातात. म्हणून आधी मीटर काय लिहून ठेवतं ते बघू.

वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखी मीटरच्या आत एक वही असते. दर पंधरा किंवा तीस मिनिटांनी त्यात एक ओळ पडते: एवढ्या वेळात एवढी वीज गेली, दाब एवढा होता. रात्री बाराच्या ठोक्याला दिवसाचा एकूण आकडा वेगळ्या पानावर जातो. महिन्याच्या पहिल्या तारखेला, शून्य वाजून शून्य मिनिटांनी, बिलाचा आकडा पक्का होऊन तिसऱ्या पानावर बसतो. वीज गेली-आली, कुणी झाकण उघडलं, चुंबक लावला, न्यूट्रलशी छेडछाड केली, असे प्रसंग तारीख-वेळेसकट आणखी एका पानावर. वीज गेली तरी वही पुसली जात नाही. बारीक ओळींचा महिनाभराहून जास्त हिशेब आणि मागच्या वर्षभराचे बिलाचे आकडे आतच राहतात.

वहीची भाषाही ठरलेली आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६४४४ या मानकात स्मार्ट मीटर कसं असावं ते सांगितलंय आणि आयएस १५९५९ मध्ये त्याने कसं बोलावं ते. युरोपात तयार झालेल्या डीएलएमएस नावाच्या बोलीवर ते बेतलेलं आहे. प्रत्येक राशीला एक संकेतांक असतो. तुमच्या एकूण युनिटांचा संकेतांक १.०.१.८.०.२५५, मग मीटर कोणत्याही कारखान्यातलं असो. वितरकाचा संगणक विचारतो, "या क्रमांकावर काय आहे?" आणि मीटर आकडा सांगतं, कुलूपबंद करून. किल्ली दोघांकडेच असते.

निरोप गोळा करणाऱ्या संगणकाला हेड एंड सिस्टिम म्हणतात. तिथून आकडे दुसऱ्या मोठ्या कोठारात जातात, तपासले जातात आणि मग बिल निघतं. यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. निरोप उशिरा पोचला म्हणून आकडा बदलत नाही. एक तारखेचा आकडा एक तारखेलाच वहीत बसलेला असतो. तो नऊ तारखेला पोचला तरी तोच असायला हवा. नऊ तारखेचा ताजा आकडा घेऊन तो महिन्याचा म्हणून लावला, तर ती मीटरची चूक नाही, ती पुढच्या कारभाराची चूक आहे. घरगुती विजेचे दर शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा असे पायऱ्यापायऱ्यांचे असल्याने आठ दिवसांची सरमिसळ खिशाला लागते. ग्राहकाने नेमकं इथेच बोट ठेवलं पाहिजे.

गॅलरीतून गॅलरीत

आता निरोपाचा रस्ता. तीन रस्ते आहेत.

पहिला, विजेच्या तारेतूनच. इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून तीन कोटींवर मीटरं बसवली, ती मुख्यतः याच रस्त्याने बोलतात. वेगळी तार नको, रेडिओ नको. पण ज्या तारेवर स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा कलकलाट चालू असतो तिच्यावर बारीक आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही.

दुसरा रस्ता चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फाटकातल्या भाजीवाल्याला थांबवायचं असतं. त्यांचा आवाज खाली पोचत नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर हाक मारतात, दुसऱ्या मजल्यावरच्या पहिल्यावर, आणि पहिल्यावरचा मुलगा कठड्यावरून ओरडतो. आरएफ मेश हे नेमकं हेच आहे. प्रत्येक मीटर शेजारच्या मीटरचा निरोप पुढे ढकलतं, आणि शेवटी तो बाहेर बसवलेल्या एका पेटीपाशी पोचतो. तिथून पुढे मोबाइलच्या किंवा फायबरच्या जाळ्यातून. आपल्याकडे यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी परवान्याशिवाय वापरता येते. मधलं एक मीटर बंद पडलं तर निरोप दुसऱ्या बाजूने वळसा घालतो. पण गॅलरीतली माणसं घरी असायला हवीत! एका गल्लीत दोनच मीटरं नवी आणि बाकी सगळी जुनी असतील, तर हाक झेलायला कुणीच नसतं. म्हणून मेश अर्धवट बसवलेल्या वस्तीत दुबळं असतं आणि पूर्ण बसवलेल्या वस्तीत भक्कम.

तिसरा रस्ता मोबाइलचा. प्रत्येक मीटरमध्ये सिम आणि प्रत्येक मीटर स्वतःच टॉवरशी बोलणार. शेजाऱ्याची भीड नाही. पण शेजाऱ्याची मदतही नाही. जिन्याखाली एकच काडी असेल तर सव्वीसच्या सव्वीस मीटरं एकेकटी चाचपडणार. शिवाय मीटरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात आणि तेवढ्यात मोबाइलची पिढी बदलू शकते. ब्रिटनने याची किंमत मोजली आहे. तिथे मध्य आणि दक्षिण भागातली मीटरं मोबाइलवर बोलतात, उत्तरेकडची वेगळ्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर, आणि तरीही २०२३ साली तीस लाखांहून अधिक मीटरं 'स्मार्ट' म्हणून धड चालत नव्हती. जाड भिंती आणि जुनी घरं ही त्यामागची नेहमीची कारणं, आणि आपल्या गिरगावात या दोन्हींना तोटा नाही.

मुंबई बेटाची स्वतःची एक अडचण आहे. १९०५ साली स्थापन झालेली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या ताब्यात आली. तीच आपली बेस्ट. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत साडेदहा लाखांच्या आसपास वीजग्राहक तिचे, आणि त्यांच्याकडे येणारी वीज जमिनीखालच्या केबलमधून येते. गावोगावी दिसतात तसे तारांचे खांब इथे नाहीत. त्यामुळे निरोप झेलणारी पेटी डोक्यावर, मोकळ्या हवेत टांगायची तर जागा शोधावी लागते. रस्त्यावरचा दिव्याचा खांब, इमारतीची भिंत, सबस्टेशनचं छप्पर. पेटी ठाकूरद्वारच्या नाक्यावर आणि मीटर वाडीच्या चौथ्या चाळीच्या जिन्याखाली, मध्ये दगडी जोती आणि दीड हात जाडीच्या भिंती. खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांतून आवाज त्या मानाने सहज निघतो. शेजारच्या नव्या टॉवरमधून तो निघत नाही.

तळघर, लोखंडी दार आणि पाणी

नव्या टॉवरमध्ये तो का निघत नाही, हे परळमध्ये कळलं. गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका उंच इमारतीच्या व्यवस्थापकांनी मीटर खोली दाखवली. दोन मजले खाली, गाड्यांच्या रांगांपलीकडे, आगीला तोंड देईल असं जाड लोखंडी दार. आत स्वच्छ उजेड, टाइल्स, ओळीने शेकडो मीटरं, एकही कोळीष्टक नाही. दार ओढून घेतलं आणि माझा फोन पूर्ण गप्प झाला. सळयांचं जाळं घातलेलं काँक्रीट आणि वर पत्र्याची पेटी. रेडिओसाठी याहून बंद घर सापडणार नाही.

उपाय आहेत. अँटेना दाराबाहेर काढायची, जिन्याच्या डक्टमधून तार वर न्यायची, एक पेटी आत आणि एक तळमजल्यावर बसवायची. खर्च फार नाही. पण ती तार कुणी टाकायची, तिची वीज कुणाच्या मीटरवर, सोसायटीची परवानगी कुणी घ्यायची, या प्रश्नांत महिने जातात. स्मार्ट मीटरच्या कहाणीत रेडिओपेक्षा सोसायटीचं पत्र जास्त वेळा अडतं, असं माझं मत झालं आहे.

आणि पाणी. हिंदमाता, परळ, लालबागचा सखल भाग तुंबला की पाणी सर्वांत आधी तळमजल्यावर आणि तळघरात जातं. पाणी मीटरच्या उंचीला यायच्या आत पुरवठा बंद करावा लागतो, तो माणसांच्या जिवासाठी. वीज जाताना मीटर एक शेवटचा निरोप देतं. आतल्या कपॅसिटरमध्ये काही सेकंदांपुरती वीज साठवलेली असते आणि तेवढ्यात ते 'माझ्याकडे पुरवठा गेला' असं कळवतं. यालाच लास्ट गॅस्प म्हणतात. एका चाळीचा फ्यूज उडाला तर हा निरोप सोन्यासारखा. कुणी तक्रार नोंदवायच्या आत बिघाड कुठे आहे ते कळतं. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळसारखी अख्खी मुंबई एकदम बंद पडली, तर लाखो मीटरं एकाच क्षणी ओरडतील आणि त्या गोंगाटात फार थोड्यांचं ऐकू येईल. अशा वेळी मीटरच्या निरोपावर भिस्त ठेवता येत नाही.

तोडणारी कळ

लालबागला मसाल्याच्या गल्लीत एका डंकावाल्यांकडे तासभर बसलो. मिरच्या, धणे, दगडफूल यांचा वास कपड्यांतून दोन दिवस गेला नाही. गणपतीनंतर नवरात्र, मग दिवाळीचे फराळ, या काळात त्यांची मोटर थांबत नाही. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "दुरून वीज बंद करू शकतात ना ते?"

करू शकतात. आतली कळ हुकूम आला की उघडते. मंजूर भारापेक्षा जास्त ओढ झाली तर ती आपोआप सुटावी, थोड्या वेळाने पुन्हा लागावी, आणि दोन-चारदा तसंच झालं तर काही वेळ लागूच नये, अशी सोयही मीटरमध्ये असते. ती वापरायची की नाही हे वितरक ठरवतो. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते हे डंकावाल्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांचा प्रश्न वाजवी होता.

दुरून चालणारी कळ चुकली तर काय होतं याचं उदाहरण उत्तर प्रदेशात घडून गेलंय. १२ ऑगस्ट २०२० ला, जन्माष्टमीच्या दिवशी, चुकीचा हुकूम सुटला आणि लाखाहून अधिक घरांची वीज एकाच वेळी गेली. थकबाकी नसलेल्यांचीही गेली. राज्यात नवी मीटरं बसवणं त्यानंतर थांबवावं लागलं. माणसाला शिडी लावून एकेक वायर काढावी लागत होती तेव्हा अशी चूक दहा घरांच्या पुढे जाऊच शकत नव्हती.

प्रीपेडची धास्ती याच कळीशी बांधलेली आहे. मीटर तेच. आधी पैसे की नंतर पैसे, हे बहुतेक वेळा वितरकाच्या संगणकात ठरतं. पैसे संपले की तोडण्याचा हुकूम जातो आणि भरले की जोडण्याचा. आता जिन्याखालची ती एक काडी आठवा. तोडण्याचा हुकूम पोचला, पैसे भरले, आणि जोडण्याचा हुकूम पोचलाच नाही तर? माणूस अंधारात बसून पावती दाखवणार. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा खात्रीचा नसेल तर प्रीपेड लादू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणलेल्या वितरण सुधार योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचं उद्दिष्ट होतं. त्याच योजनेखाली बेस्टने २०२२ मध्ये सुमारे पावणेअकरा लाख मीटरांचं, तेराशे कोटी रुपयांच्या आसपासचं कंत्राट अदानी समूहाच्या कंपनीला दिलं आणि त्यातली काही लाख मीटरं बसलीसुद्धा. लोकांचा विरोध वाढला, तेव्हा जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटरं लावली जाणार नाहीत, असं जाहीर केलं. वाद तिथे संपला नाही, पण प्रीपेड आणि स्मार्ट हे दोन शब्द वेगळे आहेत एवढं त्यातून लोकांपर्यंत पोचलं.

'मीटर पळतंय'

चारही वस्त्यांत एक वाक्य ऐकलं: "नवं मीटर पळतंय." यावर हसण्यासारखं काही नाही. ते नीट तपासायला हवं.

जुनी तबकडी झिजून, धूळ खाऊन मंद व्हायची. अगदी थोड्या विजेला ती हलायचीच नाही. टीव्हीचा ठिपका, वायफायची पेटी, भिंतीत राहिलेला चार्जर, हे तिच्या हिशेबात यायचं नाही. नवं मीटर चार-पाच वॅटची ओढही सोडत नाही. म्हणजे तबकडी जाऊन थेट नवं मीटर आलं असेल तर बिल थोडं वाढणं नैसर्गिक आहे. दुप्पट होणं नैसर्गिक नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटर चुकतच नाही, असंही नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ मीटरांना मुद्दाम वेड्यावाकड्या प्रवाहावर चालवून बघितलं. डिमरवर लावलेले एलईडी वगैरे. पाच मीटरांनी फार जास्त मोजलं, एकाने तर ५८२ टक्के अधिक. दोघांनी कमी मोजलं. प्रयोगशाळेतली ही टोकाची परिस्थिती होती, आपल्या घरातली नव्हे. तरीही "मीटर चुकूच शकत नाही" असं काउंटरवरच्या माणसाने म्हणू नये एवढा अर्थ त्यातून निघतोच.

ग्राहकाच्या हाती एक चांगला नियम आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वापराचा आकडा जुळत नाही अशी तक्रार केली तर वितरकाने पाच दिवसांत दुसरं, पडताळणीचं मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्ही मीटरांचे आकडे ताडून बघायचे. डंकावाल्यांनी हे कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद गल्ल्याच्या काचेखाली सरकवला.

दादरला हिंदू कॉलनीत एका निवृत्त शिक्षिकेने मोबाइलवर तिच्या घराचा आलेख उघडून दाखवला. पहाटे साडेपाचला उंच सुळका. "गीझर," ती म्हणाली. दुपारी सपाट, संध्याकाळी टेकडी. मग तीन दिवस जवळजवळ रेघ. "नाशिकला गेले होते." ती थोडा वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. "म्हणजे घर रिकामं होतं हे कुणालाही कळेल." याच काळजीपोटी २००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरचं विधेयक अडवलं होतं. तुम्ही काय बघता, काय बोलता हे अर्ध्या तासाच्या आकड्यांतून कळत नाही. कधी उठता, कधी घरात नसता, हे कळतं. ही वही कोण उघडू शकतं आणि ती किती दिवस ठेवली जाते, हे प्रत्येक वितरकाने साध्या मराठीत छापून बिलामागे द्यायला हवं.

मीटर वाचणारा माणूस

परळच्या एका जुन्या चाळीत निवृत्त मीटर रीडर भेटले. तीस वर्षं त्यांनी जिने चढले. दिवसाला किती मीटरं, यापेक्षा त्यांना वास आठवतात. "कटआउट तापलं की बेकलाइटचा वास येतो. मी आकडा नंतर लिहायचो, आधी वर जाऊन सांगायचो, सैल झालंय, बघून घ्या." कुणाचं मीटर दोन महिने हललं नाही की ते शेजारी चौकशी करायचे. एकदा एक आजोबा एकटेच आजारी पडून होते, ते असेच सापडले.

नवं मीटर वहीत विजेचा दाब लिहितं, झाकण उघडलं ते लिहितं, पण वास घेत नाही. हे मी जुन्या दिवसांच्या प्रेमापोटी लिहीत नाही. लाकडी फळ्यांवरच्या शंभर वर्षांच्या वायरिंगमध्ये महिन्याला एक जाणकार माणूस डोकावून जाणं ही सुरक्षेची व्यवस्था होती. ती कुणी आखली नव्हती. ती काढून घेताना मात्र तिच्या जागी काही ठेवलं पाहिजे: वर्षातून दोनदा तरी मीटर फळीची तपासणी, आणि ती करणाऱ्याची सही.

माणसाच्या वाचनालाही मर्यादा होत्या, हे त्यांनीच सांगितलं. २०२० च्या टाळेबंदीत रीडर घराबाहेर पडू शकले नाहीत. मुंबईतल्या वितरकांनी आधीच्या हिवाळ्यातल्या वापरावरून सरासरी बिलं काढली. जूनमध्ये खरे आकडे घेतले तेव्हा तीन महिन्यांच्या उन्हाळ्यातला, घरीच बसून झालेला वापर एकदम अंगावर आला आणि शहरभर आरडाओरड झाली. तेव्हा मीटरं बोलकी असती तर दर महिन्याला खरा आकडा मिळाला असता. "ते मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण ज्या दिवशी मीटर बोलत नाही, त्या दिवशी माणूस पाठवायला हवा की नको?"

हवा. कंत्राटंही ठरावीक तासांत ठरावीक टक्के मीटरांचंच वाचन धरून चाललेली असतात. शंभर टक्के कुणीच धरत नाही. उरलेली मीटरं बहुधा तीच ती राहतात: जिन्याखालची, तळघरातली, जाड भिंतींमागची. त्यांच्यासाठी हातातलं यंत्र घेऊन जाणारा, मीटरच्या तोंडाशी ते लावून वही उतरवून आणणारा माणूस लागतो. जितकी मीटरं स्मार्ट, तितके रीडर कमी, हे गणित मुंबई बेटावर पूर्ण लागू पडणार नाही.

कॅलेंडरची मागची बाजू

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पुन्हा मावशीकडे गेलो. चाळीच्या मांडवाला तात्पुरत्या जोडणीचं वेगळं मीटर लागलं होतं. जिन्याखालच्या कोनाड्यात काकांनी नवा बल्ब लावला होता. मी मावशीला सांगितलं, "बोलतं ते. रोज रात्री बारा वाजता लिहितं आणि जमेल तेव्हा कळवतं. जिन्याखालून आवाज कधी कधी पोचत नाही, पण लिहिलेलं आत राहतं."

"मला कुठे कळवतं?" ती म्हणाली. "सगळं त्यांनाच."

तीन आठवड्यांत मला कुणी इतका नेमका मुद्दा सांगितला नव्हता. मीटर माझ्या घरातलं, वापर माझा, आणि निरोप मात्र एकाच दिशेने जातो. ॲपवर तो परत येतो म्हणतात, पण मावशीकडे बटणांचा फोन आहे. वाचन पोचलं नाही तर त्याच दिवशी ग्राहकाला साधा एसएमएस यावा, बिलावर आकडा कुठल्या तारखेचा आणि कसा घेतला ते छापावं, आणि मागितली तर अर्ध्या तासाची वही कागदावर मिळावी. एवढ्या तीन गोष्टी वितरकांनी केल्या तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

तोवर आपण करायचं ते सोपं आहे. आपल्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅसच्या नंबराची तारीख आपण लिहीतच आलोय. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी जिन्याखाली जाऊन मीटरचा आकडाही त्याच चौकोनात टिपा, आणि मागच्या बाजूला एकदाच मीटरचा क्रमांक लिहून ठेवा. मावशीने ऑक्टोबरपासून सुरुवात केली आहे. पडद्यावर आकडे एकामागून एक सरकत राहतात, तारीख, वेळ, दाब. थोडं थांबायचं, आणि ज्याच्या शेजारी केडब्ल्यूएच असं उमटेल तेवढाच आकडा लिहून घ्यायचा.